काका, तुमच्या त्या चहासाठी

नमस्कार काका,

नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, वाचलंत की तुम्हाला कळेलच. पण आत्ता नाशिकला जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ, लेकराच्या ताब्याच्या केसची फाईल काखेत मारून फिरणारे बाप असतील त्यांच्या पण नजरेस पडावं म्हणून असं उघड लिहितोय.

पावणेदोन वर्षं झाली. त्या दिवशी पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली आणि मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा हातात घेऊन नुसताच उभा, चहा पार थंड झालेला. चिऊ तेव्हा चार वर्षांची, ८३ दिवस मी तिला बघितलं नव्हतं. तुम्ही टपरीवाल्याला म्हणालात याला दुसरा गरम दे, आणि मग मला विचारलंत, पोरगा का पोरगी? काका, तोवर सगळ्यांनी केस नंबर, पगार, सेक्शन हेच विचारलं होतं हो.

घरचे अर्धे म्हणायचे पाच वर्षांखालचं लेकरू आईकडंच जातं, सोड नाद. उरलेले म्हणायचे बाप नॅचरल गार्डियन, म्हणजे कायद्याने नैसर्गिक पालक, पाच पूर्ण झाले की पोरगी आपोआप तुझी. तुम्ही १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढून दोन्ही खोडलंत. कलम ६ मधे पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईकडे असं आहे, आणि पालक असणं वेगळं, ताबा वेगळा. आणि कलम १३, मुलाचं हित सगळ्यात वर. मग माझा अर्ज हातात घेतलात, सगळा वाचलात आणि म्हणालात, यात पोरगी कुठंय? खरंच नव्हती. नऊ पानं सगळी तिच्या आईवर होती, चारित्र्यापर्यंत, माझ्या त्यावेळच्या वकिलाने लिहिलेली आणि मी मान डोलावलेली. हे दाखल करू नको म्हणालात तर मी तुमच्यावरच चिडलो, आठ दिवस फोन उचलला नाही. त्याबद्दल माफी राहिली होती मागायची, ती पण आज मागतो.

नंतर तुम्ही दोनशे पानी वही घ्यायला लावलीत. चिऊला कोणती लस कधी दिली, बुटाचा नंबर, झोपताना काय लागतं, मी कोणत्या तारखेला भेटायला गेलो आणि काय झालं, सगळं. पोटगीचं तर तुम्ही रागावूनच सांगितलंत, भेट देत नाही म्हणून पैसे अडवायचे नाहीत, ते लेकराच्या जेवणाचे पैसे आहेत, भेटीचं तिकीट नाही. एक महिना मी अडवले होते काका, तेव्हा मान खाली गेली माझी.

सातपूरच्या त्या भाऊंचं पण लिहितो, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नाही. त्यांची कंपनीतली नोकरी गेलेली, वकिलाला पैसे नाहीत, आणि त्यांना वाटायचं सरकारी मोफत वकील फक्त बायकांना मिळतो. तुम्ही त्यांना हाताला धरून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलंत. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलं तर पुरुषाला पण मिळतो.

पहिली भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, एक तास. तुम्ही बजावलं होतं, मोठी खेळणी नेऊ नको, आईबद्दल एक शब्द विचारू नको, आणि जवळ ओढू तर अजिबात नको. मी खडू आणि कोरे कागद नेले. ती आईच्या ओढणीमागे. मी जमिनीवर बसून एकटाच रंगवत बसलो, चाळीस मिनिटं, आतून नुसतं तुटत होतं. मग ती हळूच आली आणि म्हणाली, आकाश असं नसतं, आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला. बाहेर येऊन तुम्हाला फोन केला तेव्हा मला बोलताच येत नव्हतं, तुम्ही पण गप्पच होतात.

पुढे काउन्सेलर मॅडमसमोर आम्ही दोघं बसलो, त्यांचे पण खूप उपकार, आणि तडजोड झाली. एकाआड एक शनिवार-रविवार, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी, दर बुधवारी व्हिडिओ कॉल. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाची प्रिंट तुम्हीच दिली होतीत, मुलाला आईबाप दोघांचं प्रेम मिळायला हवं आणि व्हिडिओ कॉलवर भेटायचा हक्क असावा, ते त्यात आहे. ताबा तिच्या आईकडेच आहे, आणि हे लिहिताना मला हरल्यासारखं वाटत नाही.

तुम्ही हे सगळं का करता ते एकदाच सांगितलंत, आणि परवा विचारलं तर लिही म्हणालात. तुमची केस तुम्ही जिंकलात, मुलगा तुमच्याकडे आला, आणि मोठा झाल्यावर बोलायचा थांबला. तुमच्या कपाटात तेव्हाचे सगळे अर्ज अजून आहेत. काका, ते वाचून दाखवताना तुमचा आवाज कसा झाला होता ते मी विसरलेलो नाही, त्या दिवशी घरी जाऊन मी माझी नऊ पानं फाडली.

या रंगपंचमीला चिऊला पंचवटीत रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा तो जुना हौद, दाखवायला नेलं, खांद्यावर बसून नुसती ओरडत होती. येत्या शनिवारी ती माझ्याकडे आहे, चहाला घेऊन येतो. तुमच्यासाठी तिने आकाश काढलंय, हिरवं. का ते तिलाच विचारा.

तुमचा,
चिऊचा बाबा