आधी शंभर सह्या करा, मग हात तपासू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आरोग्य पुरवणीत स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे कातडी जाड आणि ताठ होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या हातांवरील संशोधनाचा लेख वाचला. असल्या दुर्मिळ आजाराला अर्धं पान दिलंत, आभारी आहे. पण ‘रुग्ण व्यायामच करत नाहीत’ हा लेखाचा सूर वाचून डोकं फिरलं. ‘स्पिन’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या ऑनलाइन हस्तव्यायामांनी सरासरीत फरक पडला नाही, हे खरं. कार्यक्रम अनेकांनी उघडलाच नाही, उघडणाऱ्यांनीही फारसा वापरला नाही. त्यामुळे नेटाने करणाऱ्याला गुण येतो की नाही ते कळायला मार्ग नाही, असं खुद्द त्या संशोधकांचंच म्हणणं आहे. आळसाचा ठपका ही आपल्या लेखक महाशयांची भर. बोटाच्या टोकाला रक्त पोहोचत नाही म्हणून महिनोन्महिने न भरणारी जखम घेऊन त्यांनी एकदा मूठ वळून दाखवावी.

मी स्वतः अशा एका अभ्यासात गेले होते. विषय : हातांचं कार्य. सुरुवात कशाने? संमतीपत्राच्या पानापानावर सही! पेन बारीक, माझी बोटं अर्धवट वाकलेली. ना पूर्ण मिटत, ना सरळ होत. चौथ्या पानावर सही बदलली म्हणून तिथल्या बाईंनी ‘पहिल्यासारखीच करा’ असं बजावलं. मग आली १८ प्रश्नांची ‘कोचीन’ प्रश्नावली. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, एकूण ९०. जितके जास्त तितका हात वाईट. त्यात विचारतात, छोटं वाक्य लिहिता येतं का? अहो, आत्ताच बघितलंत ना!

शर्टाची बटणं लावता येतात का, हाही एक प्रश्न. बटणांचे कपडे मी केव्हाच सोडले, आता काय सांगू? साधन वापरून जमत असेल तर ते धरायचं नाही म्हणे. म्हणजे हुक वापरून मी रोज जे निभावते त्याला हिशेबात जागाच नाही.

खोलीत एसी चालू. बोटं आधी पांढरी, मग निळी. तशाच हातात पकड मोजायचं यंत्र दिलं आणि आकडा टिपला. थोडा वेळ हात शेकू दिला असता तर निराळा आकडा आला असता, पण तेवढा वेळ कुणाला?

डॉक्टर मंडळींचा खरा जीव त्वचेच्या गुणांवर. १७ ठिकाणी चिमटीत धरून कातडी किती जाड ते बघायचं, जास्तीत जास्त ५१. पुढे पुढे कातडी आपसूक पातळ होते, गुण उतरतात, सगळे खूश. वाकलेली बोटं वाकलेलीच राहतात. अंगठा बाजूला होत नाही म्हणून पेला धरता येत नाही, हे त्या ५१ मध्ये कुठे बसतं, ते लेखकाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि लेखासोबतचा फोटो! सांधे सुजून बोटं एका बाजूला झुकलेला तो हात संधिवाताचा दिसतो. आमची बोटं ताठ, चकचकीत आणि टोकाला निमुळती असतात. एवढं तरी तपासायचं.

ता. क. : पुरवणी प्लास्टिकच्या बंद पिशवीतून पाठवणं थांबवता येईल का? कालची दातांनी फाडावी लागली. पत्र संपादित करताना हा मजकूर कापलात तरी चालेल, वितरण विभागाला मात्र जरूर कळवा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
(मजकूर तोंडी सांगून मुलीकडून टाइप करून घेतला आहे.)