स्पितीच्या वाटेवर हात देणाऱ्या नौपाड्यातील काकांस

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

शिमल्याहून किन्नौर आणि स्पितीमार्गे मनालीपर्यंतचा सायकलप्रवास आम्ही दोघी मैत्रिणींनी सप्टेंबरमध्ये पूर्ण केला. तुमच्या सायकलीच्या दुकानात येऊन आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. ठाणे आणि नवी मुंबईतून हिमालयात सायकल नेण्याचा विचार करणाऱ्यांनाही यातले काही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

आमच्याकडे चढाचा सराव म्हणजे येऊर, खारघरची टेकडी, फार तर माळशेज घाट. विरळ हवेचा सराव खाडीकाठच्या शहरात होऊच शकत नाही, म्हणून मनालीकडून एकदम वर न चढता शिमल्याकडून हळूहळू उंची गाठणारा मार्ग आम्ही निवडला होता. सायकलीच्या बाबतीत मात्र जो तो नवीन, हलकी सायकल घेण्याचा सल्ला देत होता. तुम्ही माझी जुनी, स्टीलच्या फ्रेमची आणि २६ इंची चाकांची सायकल स्टँडवर चढवलीत, पायडल फिरवून पाहिलेत आणि हीच घेऊन जा म्हणालात. स्टीलची फ्रेम तडकली तर साधा वेल्डिंगवालाही ती जोडून देतो आणि २६ इंची ट्यूब लहान बाजारातही सहसा मिळते, हे तुमचे कारण होते. नवी सायकल विकण्याची संधी समोर असताना हा सल्ला देणारा दुकानदार मला भेटला, याचे मोल मला त्या वेळी पूर्ण कळले नव्हते.

बदललेत ते फक्त गिअर. पुढची सर्वांत लहान चकती २२ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दात्यांची बसवलीत, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३ मीटर पुढे सरकते. ठाण्याच्या रस्त्यावर हा गिअर निरर्थक वाटतो. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून रस्ता वळणे घेत नाको गावाकडे चढू लागतो, त्या चढावर सामानाने भरलेली सायकल न उतरता चालवता आली ती केवळ या दात्यांमुळे. साडेचार हजार मीटरहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तिथे पायांत कितीही जोर असला तरी श्वास पुरत नाही, आणि त्या श्वासाला परवडेल इतकेच काम एका फेऱ्याला करायला लावणारा गिअर लागतो.

तरीही माझे खरे ऋण दुसऱ्याच गोष्टीचे आहे. पावसाळ्यातील संध्याकाळी दुकानाची वर्दळ ओसरली की तुम्ही भंगारातील एखादे वाकडे चाक माझ्या हाती देत असा आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहत असा. रिम उजवीकडे झुकली असेल तर डावीकडच्या तारा घट्ट करायच्या आणि उजवीकडच्या सैल, निपल, म्हणजे तार रिमला धरून ठेवणारी छोटी नळी, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवायचे नाही, एवढे सांगून तुम्ही गप्प राहत असा. माझ्याकडून चाक सरळ होईपर्यंत तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. पंक्चर काढताना सोल्यूशन लावल्यावर ते पुरते सुकू देण्याची सवयही तुम्हीच लावलीत. आजकाल पैसे घेऊन काम करून देणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या वेळी आपली गरज भासू नये अशा रीतीने शिकवणारे फार थोडे.

कुंझुम उतरून बातलकडे येताना माझ्या मागच्या चाकाची, कॅसेटच्या (दातेरी चकत्यांच्या संचाच्या) बाजूची तार तुटली. खिंडीच्या अलीकडचे लोसर गाव सोडल्यापासून पुढे मनालीचा रस्ता मिळतो त्या ग्राम्फूपर्यंत सायकलीचे दुकान नाही. चंद्रा नदीच्या काठाने जाणारी दगडगोट्यांची वाट, मध्ये बातल आणि छतरू येथील ढाबे, एवढेच आहे. त्या बाजूची तार बदलायची तर आधी कॅसेट काढावी लागते, आणि त्यासाठीचा छोटा पाना तुम्ही माझ्या पिशवीत आग्रहाने घातला होता. नेमक्या लांबीच्या जादा तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून दिल्या होत्या. सायकल उलटी करून मी तार बदलली, ब्रेकच्या रबराचा आधार घेऊन चाक सरळ केले आणि आम्ही पुढे निघालो. शेजारी गाडी थांबवून विचारपूस करणाऱ्या ट्रकचालकाला मदतीची गरज नाही असे सांगताना मला तुमची फार आठवण झाली.

वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारी फुगतात म्हणून आम्ही ते सकाळीच ओलांडत होतो, आणि प्रत्येक नाल्यानंतर चेन पुसून तेल देण्याचा तुमचा नियम पाळत होतो. त्या बारीक, कोरड्या धुळीत न पुसलेली तेलकट चेन कानशीसारखी दाते खाते, हे तुम्ही ठाण्यात बसून सांगितले होते ते अक्षरशः खरे निघाले.

ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला, मातीच्या भिंतींचा; तो पाहण्यासाठी आम्ही गावात मुक्काम केला. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मुलाच्या सायकलीचे पुढचे चाक ब्रेकला घासत होते. ते मी त्याच्याकडूनच सरळ करून घेतले, हात मागे बांधून, आणि त्याला जादा पाना देऊन आले. तो पाना तुमचा होता, म्हणून हे तुम्हाला कळवणे आवश्यक वाटते.

शिकवण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि घेणारही नाही, हे मी जाणते. परंतु आजही तुम्ही जुन्या फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यात) चाक अडकवून खडूच्या खुणेने ते सरळ करता. आम्ही दोघींनी मिळून चाक सरळ करण्याचा एक चांगला स्टँड घेतला आहे आणि येत्या रविवारी तो घेऊन दुकानात येत आहोत. कृपया तो नाकारू नये. माझ्या ओळखीच्या दोन मुली पुढच्या वर्षी स्पितीला जाण्याच्या तयारीत आहेत. तुमची हरकत नसेल तर त्यांनाही सोबत आणीन, आणि भंगारातील चाके त्यांच्यासाठी बाजूला ठेवावीत ही विनंती.

आपली कृतज्ञ,
ठाण्याची एक सायकलस्वार