सायकलवाला मधून का चालतो

चि. नचिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सायकलवाल्यांच्या नावाने तू भरपूर बोटं मोडलीस. "मधून चालतात, हॉर्न दिला तरी हलत नाहीत." मी तेव्हा गप्प बसले, कारण तू गाडी चालवता चालवताच बोलत होतास आणि मला तो फोन लवकर संपवायचा होता. (ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर फोनकडे गेली की किती, ते तूच काढ.) पण तुझी आई रोज सायकलने कामावर जाते, म्हणजे तुझ्या तक्रारीतली आरोपी मीच. तेव्हा आरोपीचं म्हणणं ऐकून घे.

रस्त्याची कड गाडीतून मोकळी दिसते. सायकलवरून तिथे डांबर संपल्याची बोटभर पायरी दिसते, वाहून आलेली बारीक खडी दिसते, काचा दिसतात. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर बारीक टायर सरळ आत जातो. आणि कडेला गाड्या लावलेल्या असल्या तर त्यांची दारं. उघडलेलं दार चांगलं मीटरभर बाहेर येतं. मी ताशी १८ ने चालले असले तरी सेकंदाला ५ मीटर जाते, म्हणजे एका गाडीच्या लांबीहून थोडंसं जास्त. पुढच्याच गाडीचं दार उघडलं तर ब्रेक दाबेपर्यंत मी त्यावर असते. ते चुकवायला उजवीकडे वळावं, तर मागून तू येत असतोस.

म्हणून मी दारापासून लांब राहते. रस्ता अरुंद असला, वळण किंवा चौक जवळ आला, की मुद्दाम लेनच्या मध्यावर येते. तिथे कडेला चिकटले तर मागच्याला वाटतं, मावेल आपली गाडी. आणि तो ती घालतो. मधून चालणं हे त्याला सांगणं असतं, की इथे जागा नाही, जरा थांब. हा माझा आडमुठेपणा नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, २०२२ साली बदल झाले, त्यात अशा ठिकाणी सायकलस्वाराने लेनच्या मध्यावर राहावं असं लिहिलंय. त्याच बदलांत असंही आलं, की ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. मला तरी ते पटतं.

आता थांबण्याचा हिशेब. समज, २०० मीटर तू माझ्या मागे राहिलास. मला तेवढ्याला ४० सेकंद लागतात, तुला ५० च्या वेगाने साधारण १५ लागले असते. म्हणजे तुझे गेले २५ सेकंद. पुढच्या लाल सिग्नलला बहुतेक वेळा मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहते, म्हणजे तेही वाचले नसतेच.

ओव्हरटेक करू नकोस असं म्हणत नाही. जागा ठेवून कर. जर्मनीत २०२० पासून कायद्यानेच शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवावं लागतं. एवढं कशाला, असं वाटेल. पण सायकल कधीच रेषेत जात नसते, ती सतत पडता पडता सावरत असते. मागे वळून बघितलं की हँडल थोडं त्याच बाजूला जातं. खड्डा आला की हातभर बाजूला व्हावं लागतं आणि त्याची सूचना द्यायला वेळ नसतो. मोठी गाडी वेगात शेजारून गेली तर तिची हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. तू कट मारून जातोस तेव्हा तुझ्या हिशेबात माझं हँडल असतं, हे सगळं नसतं.

मला सगळ्यात भीती वाटते ती ओव्हरटेक करून लगेच डावीकडे वळणाऱ्याची. त्याच्या मनातून मी मागे पडलेली असते, प्रत्यक्षात त्याच्या मागच्या दाराशी असते. डावीकडे वळायचं असेल तर माझ्या मागेच राहा, मला चौक ओलांडू दे आणि मग वळ. वळण्याआधी आरसा बघच, पण मानही फिरव, आरशात सगळं येत नाही. ट्रकच्या बाबतीत मी कुणावरच विसंबत नाही. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात आणि उंच केबिनमधून डाव्या अंगाला खेटून असलेला माणूस दिसत नाही. ट्रक आणि कड यांच्यामध्ये मी जात नाही, मग सिग्नलला कितीही मोकळी जागा दिसो.

सायकलवाले धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणणार नाही. उलट्या दिशेने येणारे आहेत, रात्री दिव्याशिवाय फिरणारे आहेत, दोन्ही कानांत गाणी कोंबून चालणारे आहेत. त्यांच्यावर मीही चिडते. पण त्याची चूक त्याच्या हाडांवर येते, तुझी चूकही त्याच्याच हाडांवर येते. तुझी गाडी हजार किलोच्या वर आहे, आणि वेग ३० वरून ६० झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

हॉर्नचं म्हणशील तर लांबून एकदा हलका वाजव. पाठीशी येऊन वाजवलास की माणूस दचकतो आणि हँडल हलतं, म्हणजे तुला नको तेच होतं. रात्री समोरून सायकल आली तर अप्पर खाली कर. तिच्यावरच्या माणसालाही डोळे असतात.

आणि उतरताना दार लांबच्या हाताने उघडत जा, म्हणजे उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने. त्यासाठी अंग आपोआप वळतं आणि मागे बघितलं जातं. शेजारी बसणाऱ्यांनाही सांग, त्यांचं दार कडेच्या बाजूला असलं तरी तिथूनही सायकल येते.

तुझी,
आई

ता. क. माझ्या सायकलच्या मागच्या लाल दिव्याचा पट्टा तुटलाय, सध्या दोरीने बांधलाय. येशील तेव्हा नवा दिवा घेऊन ये. लुकलुकणारा नको, सलग पेटणारा.