पालखी टेम्पोवर चढवू नका

ब्रुकलिन, जुलै

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पुढच्या शिमग्याला पालखी नाचवायला पोरं पुरत नाहीत म्हणून गावकीत कुणीतरी टेम्पोचा विषय काढला, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हा मी ऑफिसात होते, "बघू" म्हणून ठेवून दिला. पण या रविवारी इथे जे पाहिलं ते तुम्हाला कळवलंच पाहिजे.

मी राहते तो विल्यम्सबर्गचा भाग एके काळी इटालियन लोकांचा. त्यातले बरेच नेपल्सजवळच्या नोला गावातून पोटापाण्यासाठी आलेले. 1903 मध्ये त्यांनी आपल्या गावचा उत्सव इथे सुरू केला. त्यांचा संत पाओलिनो. चाच्यांनी गावची माणसं पळवून नेली, तेव्हा एका विधवेच्या मुलाच्या बदल्यात हा स्वतः गुलाम म्हणून गेला, आणि सुटून आला तेव्हा लोक लिलीची फुलं घेऊन सामोरे गेले, अशी कथा. त्या फुलांच्या जागी आता सुमारे सत्तर फुटी मनोरा असतो, त्याला जिल्यो म्हणतात. वजन चार टनांच्या आसपास, टोकाला संताची मूर्ती आणि खाली चौथऱ्यावर चक्क वाजंत्री उभे! हे सगळं शंभरावर माणसं खांद्यावर घेतात. समोर हातात काठी घेतलेला कापो हुकूम देतो, बँड सुरू होतो आणि मनोरा डुलायला लागतो. खांद्यावर टॉवेलची घडी, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. कापोने काठी खाली केली की सगळे एकदम वाकतात आणि धाडकन आवाज होऊन डांबरी रस्ता हादरतो. मला तर सहाणेवरून, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावरून, उठणारी आपली पालखीच आठवली.

खुद्द नोलात असे आठ मनोरे निघतात, एकेका धंद्याचा एकेक: भाजीवाले, खाटीक, पाववाले, दारूचे गुत्तेवाले, शिंपी, लोहार वगैरे. 2013 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. इथे मात्र एकच मनोरा आणि एक होडी.

आई, तू खाण्याचं विचारणारच. रस्ताभर सॉसेज, ढोबळी मिरची आणि कांदा तव्यावर परतत असतात, ते पावात भरून देतात. मी खाल्ले ते झेपोले. सैलसर आंबवलेलं पीठ हाताने तेलात सोडायचं, फुगून तांबूस झालं की कागदी पिशवीत टाकायचं, वर पिठीसाखर घालून पिशवी खळाखळा हलवायची. ओढणीभर साखर सांडली.

दुपारी घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. सगळे त्यांना नोना म्हणतात, मीही. टेबलावर लाल वाइनचा जग, त्यात पिवळ्या पीचच्या फोडी बुडवलेल्या. उन्हाळ्यात नेपल्सकडे असंच पितात म्हणे, आणि शेवटी त्या फोडी काट्याने खातात. वाइन घरचीच, तळघरातली. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती, पण घरापुरता फळांचा रस करायला कायद्यात वाट होती. मग कॅलिफोर्नियाची द्राक्षं रेल्वेने यायची आणि इटालियनांच्या तळघरांत पिंपं भरायची. नोनाच्या सासऱ्यांचं लाकडी दाबयंत्र अजून तिथे आहे. बाबा, मी अर्धा ग्लास घेतला. माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या नाही.

आता मुद्द्याचं. यातले बरेचसे खांदेकरी आता विल्यम्सबर्गमध्ये राहतच नाहीत. हायवेसाठी जुनं चर्च पाडलं, पुढे घरांचे भाव चढले, लोक लाँग आयलंड आणि न्यू जर्सीला पांगले. नोनाचा नातू तिकडे प्लंबिंगची कामं करतो, पण या रविवारी दुसरं काम घेत नाही. का, तर लहानपणी त्याने पोरांचा जिल्यो उचललाय. मुलांसाठी इथे वेगळा छोटा मनोरा असतो, त्यांचाही कापो असतो. पोरगं सातआठ वर्षांचं असताना खांद्याला भार लागला की पुढे बोलवावं लागत नाही, असं नोनाचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

आपण काय करतो? मुंबईची पोरं दोन दिवस येतात, त्यांना "बाजूला व्हा, लागेल" म्हणतो, आणि ती ओटीवर मोबाइल बघत बसतात. सुतारकाकांना एक लहान पालखी करायला सांगा ना. देव नका बसवू, नुसता नारळ ठेवा, म्हणजे मानकऱ्यांचीही हरकत राहणार नाही. खर्च मी पाठवते.

इथे मनोऱ्याखाली मला सगळे पुरुषच दिसले, ते काही आवडलं नाही. आपल्याकडे मुलींनाही घेतलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. गावकीत हे कसं मांडायचं ते तुम्ही जाणता, पण टेम्पोला होकार देण्याआधी एकदा मांडा तरी.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास की दादाला फोटो पाठवायला सांग. होळीला रजा मागितली आहे, बहुतेक मिळेल.

तुमची,
मनू