दिल्या, ती वही माझ्याकडेच आहे

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन आला होता. ‘नंतर करतो’ म्हणालो आणि केला नाही. रुसला असशील तर रुस, पण आधी हे पत्र पुरं वाच. तब्येत ठीक. साखर आटोक्यात, डावा गुडघा जिना चढताना दुखतो, बाकी काही नाही.

घराचं रंगकाम काढलंय. माळा रिकामा करताना अप्पांच्या ट्रंकेतून आपली ती आर. के. लक्ष्मणच्या व्यंगचित्रांच्या कात्रणांची वही बाहेर आली. ती तिथे आहे हे मला माहीत होतं, मीच ठेवली होती. १९८४ साली मी तुला सांगितलं की वाडा सोडताना वही हरवली. ते खोटं होतं. चाळीस वर्षं झाली.

का खोटं बोललो ते तुला आठवत असेल. त्या जूनमध्ये कॉलेजने तुझी चित्रं परत पाठवली आणि तू आमच्या दारात उभा राहून म्हणालास, ‘वही दे, बंबात घालतो.’ मी तुला लक्ष्मणची गोष्ट सांगायला गेलो. म्हैसूरच्या या पोरालाही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, ‘तुझ्या चित्रांत लागते ती गुणवत्ता नाही’ असं डीननी कळवलं होतं, आणि पुढे तोच माणूस जे. जे.पासून हाकेच्या अंतरावर, व्ही. टी.समोरच्या टाइम्सच्या इमारतीत आयुष्यभर बसून रोज चित्र काढत राहिला. तू माझ्यावर ओरडलास, ‘तो लक्ष्मण होता!’ त्याच वर्षी त्याला मॅगसेसे मिळालं. ती बातमी मी एकट्याने कापली आणि एकट्यानेच चिकटवली. शेवटच्या पानावर आहे. तुझ्याशिवाय चिकटवलेलं तेवढं एकच कात्रण.

आज दुपारभर पानं उलटत बसलो. तुझ्या आईने करून दिलेल्या गव्हाच्या खळीचा भाग कसरीने खाल्लाय, फेविकॉलचा तेवढा टिकलाय. म्हणजे खळ की फेविकॉल हे आपलं भांडण मी जिंकलो. पहिल्या पानावर एशियन पेंट्सचा गट्टू. ‘हा लक्ष्मणचा नव्हेच, रंगाच्या डब्यावरचं पोरगं आहे’ म्हणून तू मला आठवडाभर छळलंस. आता मान्य कर, १९५४ साली त्यानेच काढला होता तो. हल्ली डब्यावर गट्टू नसतो. रंगाऱ्याला विचारलं, त्याला माहीतही नाही.

आणि मग ती एका कॉलमातली चौकटी चित्रं. तुझे बाबा पेपर वाचायच्या आत तू कात्री चालवायचास आणि मागच्या पानावरची बातमी अर्धी जायची. त्यांनी तुला किती वेळा बदडलं, आणि तरी संध्याकाळी तेच डिक्शनरी घेऊन आपल्याला खालची ओळ समजावून सांगायचे. माझं इंग्रजी जेवढं आहे ते त्या ओटीवरचं. खड्डे, रांगा, टेलिफोन, पोट सुटलेला मंत्री, त्याच्या खुर्चीमागचे वाकलेले साहेब, आणि सगळ्यात कडेला कॉमन मॅन: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशा. ‘हा मुका आहे का रे?’ मी विचारलं होतं. तू म्हणालास, ‘मुका कसा असेल? त्याची बायको किती बोलते बघ. याला घरी कधी संधीच मिळाली नाही.’ तुझे बाबा इतके हसले की चहा सांडला.

सुरुवातीला लक्ष्मण चित्रात बंगाली, पंजाबी, मद्रासी अशी सगळी माणसं भरायचा म्हणे. रोजच्या घाईत एकेक गळत गेला आणि हा एकटा उरला. १९५१पासून पन्नास वर्षांवर तो नुसता बघत राहिला. लहानपणी मला त्याचा राग यायचा, काहीतरी बोल ना, असं वाटायचं. आज वाटतं, त्याने तोंड उघडलं असतं तर तो कुणा एकाच्या बाजूचा झाला असता. गप्प होता म्हणून तुझ्या बाबांनाही आपला वाटायचा आणि आमच्या अप्पांनाही, आणि ते दोघं कुठल्याच निवडणुकीत एकमेकांशी सहमत नव्हते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. वही उलटी करून मागून उघडली की तुझी चित्रं आहेत. मोजली, चोवीस. आधी नुसती नक्कल. कोट जमलाय, धोतराच्या निऱ्या साफ चुकल्यात. मग कावळे. लक्ष्मणला कावळ्यांचं वेड आहे हे कळल्यावर तू पंधरा दिवस वाड्याच्या कौलांवर नजर लावून बसला होतास. आणि मग, दिल्या, आपली माणसं. नळावर हंडा धरून बसलेल्या गोदाकाकू. रॉकेलच्या रांगेत पेपर वाचणारे अप्पा. अप्पांच्या पाठीला जो बाक होता ना, तो तू एका रेघेत काढलायस. माझ्याकडे अप्पांचे तीस-चाळीस फोटो आहेत, एकातही तो बाक नाही. मी ते पान धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेवटी माळ्याखाली उभ्या रंगाऱ्याने हाक मारली.

२०१५च्या जानेवारीत लक्ष्मण गेला तेव्हा मी सेनापती बापट रोडवर सिम्बायोसिसला अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा होतो. तिथे त्याच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे, तुला दाखवला होता. तुझा फोन आला. तू म्हणालास, ‘आपली वही आज असायला हवी होती रे.’ त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. ‘हो ना’ एवढंच म्हणालो. बंबापासून वाचवायला बोललेलं खोटं मी स्वतःला माफ केलं होतं. त्या दिवशीचं ‘हो ना’ मात्र मला झोपू देत नाही.

आता काळजी अशी की वहीचं करायचं काय. पानं कडेने तुटतात, बोट लावलं की तुकडा हातात येतो. मुलगी म्हणते स्कॅन करून मूळ वही गुंडाळून ठेवू. पण परवानगी तुझी हवी. आणि खरं सांगू, ती चित्रं तुला दाखवावीत की नाही हेच मला कळेना. तू त्यानंतर पेन्सिल धरली नाहीस, मुलांच्या वहीतही नाही. जखम भरलीये, ती मी का उघडू? उलट वाटतं, अठराव्या वर्षी कुणीतरी चार ओळी लिहून तुला थांबवलं आणि त्यांचं खरं मानायला मी तुला मदत केली, पुरावाच दडवून ठेवला. लक्ष्मणला २००३मध्ये पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली, तरी उजव्या हाताने तो काढत राहिला. तुझे तर दोन्ही हात धड आहेत. रागावू नकोस, लिहून गेलो.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? नातीचं बारसं चुकलं, तिच्यासाठी झबली आणतोय. पेन्शनचं काम मार्गी लागलं का?

वही कुरियरने पाठवायचा धीर होत नाही. शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो, दुपारी कोल्हापूरला पोचेन. स्टँडवर ये. जे बोलायचंय ते तिथेच बोल, मी ऐकून घेईन. गोदाकाकूंचं पान वरच ठेवलंय.

तुझा,
विन्या