नायोबियमचा खड्डा एवढाच पुरावा पुरत नाही

संपादक महोदय,

कर्नाटकातल्या कोलार, हट्टी यांसारख्या सुवर्णपट्ट्यांतल्या बेसाल्टमध्ये (थिजलेल्या लाव्हाच्या खडकात) नायोबियम हे मूलद्रव्य कमी भरले, की एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरला तिथे हा खडक जन्मला, असा शिक्का मारला जातो. तो घाईचा आहे, हे दाखवायला आपला सह्याद्री पुरे. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी उफाळला, तेव्हा इथे असा भूपट्ट शिरत नव्हता. तरीही सह्याद्रीतल्या बुशे या लाव्हाथरातल्या बेसाल्टमधल्या मूलद्रव्यांच्या आलेखात नायोबियमचा खोल खड्डा दिसतो, म्हणजे ते शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा फार कमी भरते, कारण वर येताना त्या शिलारसात ग्रॅनाइटी कवच विरघळले. स्ट्रॉन्शियम समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर अशा भेसळीने वाढते; तिथे ते ०.७१३च्या वर जाते. महाबळेश्वर-पोलादपूर वाटेवरच्या आंबेनळी थरात ते ०.७०४च्या आसपास आहे आणि खड्डाही जवळजवळ बुजतो.

कोलारच्या सुमारे २७० कोटी वर्षे जुन्या खडकात मात्र स्ट्रॉन्शियमवर विसंबता येत नाही. उष्णता आणि पाण्याने सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम इकडचे तिकडे केलेले असतात. थोरियम, नायोबियम, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि इट्रियम यांवरच भिस्त ठेवावी, जोडीला निओडिमियम समस्थानिके घ्यावीत. एकाच लाव्हामालिकेतले दहा-बारा नमुने क्वार्ट्झ-कार्बोनेट शिरांपासून दूर घ्यावेत आणि नायोबियम-थोरियम गुणोत्तर मॅग्नेशियमसमोर मांडावे. मॅग्नेशियम उतरते तसे गुणोत्तरही उतरत गेले, तर कवचाच्या भेसळीचा संशय धरावा, कारण कवचात थोरियमच्या मानाने नायोबियम कमी असते. सर्वांत मॅग्नेशियमयुक्त लाव्हातही ते कमीच निघाले, तर भूपट्टाची शक्यता गंभीरपणे घ्यावी. दळताना टंगस्टन कार्बाइडची चक्की टाळावी. तिच्यातून टंगस्टन, कोबाल्ट, टँटलम आणि थोडे नायोबियमही भुकटीत उतरते, म्हणजे नेमका मोजायचा खड्डाच भरू शकतो! अकीकाची चक्की हळू चालते, पण इथे तीच हवी.

सोन्याचा प्रश्न वेगळा आहे. साध्या बेसाल्टमध्ये सोने अब्जात दोन-चार भाग एवढेच. साठा बनतो तो नंतर, खडक खोल गाडला जाऊन तापल्यावर. गंधकाच्या साथीने सोने वाहून आणणारे गरम पाणी भेगांतून चढते, बेसाल्टमधले लोह त्यातले गंधक ओढून पायराइट बनवते आणि सोने तिथेच उतरते. दख्खनचा बेसाल्ट तसा खोल गाडलाच गेला नाही. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट हे खनिज सापडते, सोन्याच्या शिरा नाहीत.

आपला,
भूरसायनशास्त्राचा एक अभ्यासक,
मुंबई