खिरेश्वर ते खिरेश्वर : हरिश्चंद्रगडाची जुनी वाट मोकळी व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण हल्ली पाचनईच्या सोप्या वाटेने चढतात आणि त्याच वाटेने उतरतात. गडाच्या दक्षिण पायथ्याच्या खिरेश्वर गावातून टोलारखिंडीमार्गे चढून, हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन घेऊन, तारामती शिखर गाठून जुन्नर दरवाजाच्या वाटेने पुन्हा खिरेश्वरात उतरणे शक्य आहे, हे त्यांतील अनेकांना ठाऊकही नसते. ही फेरी वनविभागाने रीतसर आखून द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर माळशेज घाट चढून आल्यावर खुबी फाटा लागतो. तेथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वरला जाता येते. गावाजवळच्या नागेश्वराच्या प्राचीन मंदिरातील छतावरची शिल्पे पाहण्यासाठीच खरे तर अर्धा दिवस राखून ठेवावा, पण गडाच्या ओढीने लोक तेथे क्षणभर टेकतात आणि पुढे निघतात. टोलारखिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर आधारासाठी लोखंडी कठडे बसवलेले आहेत, आणि अडचण नेमकी तेथे होते. रविवारी सकाळी चढणारे आणि मुक्काम आटोपून उतरणारे एकाच कठड्याला धरून समोरासमोर येतात, पाठीवरच्या मोठ्या पिशव्या एकमेकींना घासतात, आणि वाट द्यायची तर एकाला हात सोडून कातळाच्या उघड्या बाजूला सरकावे लागते. उतरणाऱ्यांपैकी काही जण जरी दुसऱ्या वाटेने गेले, तरी येथील धोका निम्म्याने कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

कठड्यांच्या पुढे बालेकिल्ल्याच्या पोटातून कारवीच्या रानात शिरणारी वाट लहानमोठ्या टेकड्या ओलांडत मंदिराकडे जाते. धुके उतरले की येथील प्रत्येक टेकडी आधीच्या टेकडीसारखी दिसते, आणि गुरांच्या वाटा खऱ्या वाटेला जागोजाग फाटे फोडतात. येथे वाट चुकून रात्र रानात काढावी लागल्याच्या, प्रसंगी ते जिवावर बेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनीच छापलेल्या आहेत. दगडांवर कोणी हौसेने रंगवलेले बाण दर पावसाळ्यात पुसट होतात. त्यांच्या जागी ठरावीक अंतरावर टिकाऊ फलक उभारणे हे अत्यंत निकडीचे काम आहे, मग बाकी फेरीचे काहीही होवो.

जुन्नर दरवाजाची वाट मात्र कोणालाही सरसकट खुली करावी, असे माझे म्हणणे नाही. पूर्वी ती राबती होती, पण आज ती मोडलेली आहे, घसाऱ्याची आहे आणि माहीतगाराशिवाय सापडत नाही. पावसाळ्यात ती पूर्ण बंदच असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, दिवसाला मोजक्याच लोकांना आणि खिरेश्वरचा वाटाड्या सोबत असेल तरच तेथून उतरू द्यावे. तारामतीवरून एकीकडे आजोबाचा डोंगर आणि अलंग–मदन–कुलंग, तर दुसरीकडे नाणेघाटाचा परिसर आणि जीवधन पाहून झाल्यावर, ज्या गावातून निघालो त्याच गावात दिवस मावळण्यापूर्वी जेवायला पोहोचणे, यात चालणाऱ्याला जे समाधान आहे ते आल्या वाटेने परतण्यात नाही.

गावाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. फेरी खिरेश्वरात सुरू होऊन तेथेच संपली, तर वाटाड्याची मजुरी, जेवण आणि गाडीतळाचे पैसे गावात राहतील. मोडलेल्या वाटेची डागडुजीही गावातल्याच तरुणांकडून करून घ्यावी, कारण कोणत्या ओहोळाला पावसात किती पाणी येते आणि कोणता दगड हलतो, हे त्यांना पाठ असते. सिमेंटच्या पायऱ्या आणि नवे कठडे यांचा सोस मात्र कटाक्षाने टाळावा.

मुख्य अडचण हद्दीची आहे. खिरेश्वर पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात येते, तर गडमाथा अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. त्यामुळे पायथ्याच्या फलकाची जबाबदारी एकाची आणि माथ्यावरच्या फलकाची दुसऱ्याची, असे होऊन मधली वाट कोणाचीच राहत नाही. दोन्हीकडच्या वनाधिकाऱ्यांनी खिरेश्वर आणि पाचनईच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन, पाऊस थांबताच ही संपूर्ण फेरी एकदा पायी करावी आणि फलकांच्या जागा तेथल्या तेथे ठरवाव्यात. दिवाळीच्या सुट्टीतील गर्दी सुरू होण्याआधी एवढे झाले, तरी या हंगामात त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
एक दुर्गप्रेमी वाचक, जुन्नर